मदत हवी आहे: पाण्याचा रिपोर्ट ठीक आहे, पण पाणकणीस पुढे सरकतंय. पाणथळीचं मॉनिटरिंग नेमकं कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये, पण पाणथळ, माती किंवा पाणी तपासणीचं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण पुढच्या फेरीआधी काही गोष्टी ठरवायच्याच आहेत.

आम्ही पाच जण आहोत, दोघं वनस्पतीशास्त्र शिकलेले आणि बाकी हौशी. गोड्या पाण्याची एक उथळ पाणथळ आहे, एकीकडून ओढा आत येतो आणि दुसरीकडून पाणी सांडून जातं, ओढ्याच्या वरच्या अंगाला शेती. दोन वर्षं झाली, महिन्यातून एकदा पाणी, वर्षातून दोनदा माती आणि दोनदा वनस्पती असं चाललंय. तिन्ही वह्या नीट ठेवल्यात. अडचण अशी की तिन्ही वह्या शेजारी उघडून बसलं की त्या एकाच जागेबद्दल बोलतायत असं वाटतच नाही.

पाण्याची वही म्हणते सगळं उत्तम आहे. विरघळलेला ऑक्सिजन ८ ते ९ मिलिग्रॅम प्रति लिटर, कंडक्टिव्हिटी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) फारशी हलत नाही, आणि फॉस्फेटपुढे लॅब दर महिन्याला लिहिते 'आढळले नाही'. वनस्पतींची वही म्हणते की ओढ्याच्या तोंडापासून पाणकणसाचा (टायफा, दाट वाढणारी उंच पाणवनस्पती) पट्टा दोन वर्षांत १४ मीटर आत आलाय, आणि जिथे पहिल्या वर्षी क्वाड्रॅटमध्ये (वनस्पती मोजायला आखलेल्या चौकोनात) लव्हाळ्याच्या चार जाती लिहिल्या होत्या तिथे आता एक उरलीये, तीही कडेला. आणि मातीबद्दल तर काय बोलायचं ते आम्हालाच नीट कळत नाहीये.

आधी पाण्याचं सांगते, कारण तिथली एक चूक आम्हाला आपली आपणच सापडली. आम्ही कायम सकाळी अकरा-बाराच्या सुमारास जायचो. मागच्या महिन्यात एक जण मीटर घेऊन पहाटेच गेला, उजाडायच्या आधी, आणि त्याच खुंटीपाशी ऑक्सिजन निघाला १.४. दुपारी दोनला तिथेच ११ च्या वर, म्हणजे त्या तापमानाला पाण्यात जेवढा विरघळायला हवा त्यापेक्षाही जास्त (२५ अंशाला शुद्ध पाण्यात साधारण ८.३ मावतो), आणि पीएच ७.१ वरून ९ वर. दिवसा शेवाळ आणि पाण्याखालच्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात म्हणून पीएच चढतो, रात्री सगळेच श्वास घेतात म्हणून ऑक्सिजन तळाला जातो, हे पुस्तकात वाचलं होतं हो, पण दोन वर्षांचे आमचे सगळे आकडे त्या वक्राच्या एकाच टोकाचे आहेत हे डोक्यातच आलं नव्हतं. माशांना आणि किड्यांना जी वेळ सोसावी लागते ती पहाटेची, आणि ती आमच्या वहीत एकदाही नाही.

दुसरी गोष्ट फॉस्फेटची. 'आढळले नाही' हे वाचून आम्ही निर्धास्त होतो. मग लॅबला विचारलं की तुमची पद्धत कमीत कमी किती पकडते, तर उत्तर आलं ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. आता हे बघा, अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या मोठ्या पाणथळीत शेतातून वाहून आलेल्या फॉस्फरसमुळे तिथलं सॉग्रास गवत मागे हटून पाणकणीस पसरलं, आणि तिथे एकूण फॉस्फरसची (विरघळलेला आणि गाळाला चिकटलेला, दोन्ही धरून) जी मर्यादा ठरवलीये ती १० मायक्रोग्रॅमची आहे. ती जागा मुळातच फार कमी पोषणद्रव्यांची, त्यामुळे तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य, पण जी चाळणी ५० च्या खालचं काहीच धरत नाही तिच्यावर विसंबून 'फॉस्फरस नाही' म्हणणं चूकच. शिवाय आम्ही फक्त विरघळलेलं फॉस्फेट बघतोय. वाढीच्या काळात ते पाण्यात आलं रे आलं की शेवाळ आणि मुळं ओढून घेतात, म्हणजे आकडा कमी दिसतो तो येणारं कमी आहे म्हणून की लगेच उचललं जातंय म्हणून, हे कसं ओळखायचं?

आणि एक प्रसंग. मातीतल्या छिद्रांमधलं पाणी काढून बघावं म्हणून भोकं पाडलेली बारीक नळी १५ सेंटीमीटर खोल खुपसली आणि सिरिंजने पाणी ओढलं. बाटलीत घेतलं तेव्हा अगदी नितळ, जरासा गंधकाचा वास. बाटली सावलीत ठेवून आम्ही पुढचे क्वाड्रॅट मोजत बसलो, तासाभराने बघितलं तर पाणी कोऱ्या चहासारखं, आणि संध्याकाळपर्यंत तळाला तांबूस गाळ. म्हणजे मातीत ऑक्सिजन नसल्यामुळे विरघळून राहिलेलं लोह हवा लागताच गंजून खाली बसलं. तशीच बाटली लॅबला दिली आणि फॉस्फेट अर्थातच जवळपास शून्य! नंतर कळलं की तो लोहाचा गाळ बसताना फॉस्फेटही सोबत घेऊन बसतो, म्हणून पाणी हवेशी संपर्क न येता जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मग बर्फात ठेवायचं. हे आता करतोय, पण जुने आकडे फेकून द्यायचे का?

माती. वरचे पाच सेंटीमीटर करडे, त्यात मुळांभोवती गंजाच्या रंगाची बारीक नळी दिसते, म्हणजे मूळ स्वतःपुरता ऑक्सिजन खाली नेतंय. हातात घेऊन मुळावरून बोट फिरवलं की तो गंज बोटाला लागतो. २० सेंटीमीटरच्या खाली काळी आणि सडक्या अंड्याचा वास. रेडॉक्स प्रोबचं (मातीत ऑक्सिजन संपून पुढे काय चाललंय ते विद्युतदाबावरून सांगणारं उपकरण) रीडिंग वरच्या थरात उणे १५० मिलिव्होल्ट आलं, आम्ही ते तसंच तक्त्याशी लावलं आणि 'सल्फेटचा टप्पा' असं लिहून मोकळे झालो (ऑक्सिजन संपला की जीवाणू आधी लोह आणि मग सल्फेट वापरतात, त्यातला नंतरचा). मग लक्षात आलं की तक्ते हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या हिशोबात असतात आणि आमचा प्रोब सिल्व्हर क्लोराइडचा, म्हणजे साधारण २०० मिळवायला हवेत, म्हणजे खरं रीडिंग अधिक ५० च्या आसपास, जे लोहाच्या टप्प्यात बसतं आणि त्या गंजलेल्या मुळांशीही जुळतं. दोन वर्षांच्या वह्या दुरुस्त करतेय. पण पाच सेंटीमीटर बाजूला खुपसलं की रीडिंग शंभराने बदलतं, तर एका जागी किती प्रोब लावायचे आणि किती वेळ स्थिर होऊ द्यायचे?

मातीतला फॉस्फरस आम्ही मिलिग्रॅम प्रति किलो लिहितो. तोंडाशी आणि मधल्या भागात आकडा जवळपास सारखा आला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. पण मधली माती कुजलेल्या पाल्याची आणि हलकी, तोंडाशी गाळाची आणि जड. एक किलो म्हणजे दोन्हीकडे किती वेगळी जागा! म्हणून घनता काढायला कोअर (नळी खुपसून काढलेले मातीचे उभे नमुने) घेतले, तर नळी ३० सेंटीमीटर आत गेली आणि बाहेर आलेली माती २२. दाबली गेली, उघड आहे. नळीच्या आतली आणि बाहेरची उंची मोजून सुधारणा करतात असं वाचलंय, पण मऊ थर जास्त दाबला जातो आणि घट्ट थर कमी, मग सगळीकडे एकच गुणक कसा लावायचा?

तर मुख्य प्रश्न. आमच्याकडे लॅबच्या तपासण्या मोजक्याच आहेत, दर फेरीला जास्तीत जास्त १२ सॅम्पल. त्या १२ मध्ये काय घ्यायचं? माझं मत असं झालंय की महिन्याचं विरघळलेलं फॉस्फेट बंद करून त्याऐवजी ओढ्याच्या तोंडाशी जोराच्या पावसात पाण्यातला एकूण फॉस्फरस मोजावा, सोबत ओढ्याचा प्रवाहही, कारण शेतातून येणारं बरंचसं त्या थोड्या तासांत येत असणार आणि ठरलेल्या तारखेला जाऊन आम्ही नेमकं तेच चुकवतोय. आणि बाकीची सॅम्पलं वरच्या दहा सेंटीमीटर मातीची, पाणकणसाच्या पुढच्या कडेच्या अलीकडे-पलीकडे. पाणी आजचं सांगतं, माती गेल्या कित्येक वर्षांचं. पण आमच्यातल्या दोघांना दर महिन्याची मालिका तोडायची नाहीये आणि त्यांचंही चूक म्हणवत नाही.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार, इथेच उत्तरं देते. क्वाड्रॅट एक बाय एक मीटरचे आहेत, कायमच्या खुंट्या आहेत, तोंडापासून सांडव्यापर्यंत तीन ओळी. झाकलेली टक्केवारी नजरेने लिहितो. एकाने विचारलं की दोन माणसांचे आकडे जुळतात का, तर करून बघितलं, एकाच क्वाड्रॅटला एकीने ४० लिहिले आणि दुसऱ्याने ६५, वाळलेली पानं धरायची की नाही यावरून. आता जिवंत खोडं मोजतोय आणि टक्केवारी वेगळी लिहितोय.

पाणकणीस जमिनीखालच्या खोडाने पसरतं, त्यामुळे शेजारचे पाच क्वाड्रॅट म्हणजे कदाचित एकच झाड, त्यांना पाच स्वतंत्र नमुने धरू नका, हा प्रतिसाद वाचून मी खरंच थांबले. आमचा सगळा हिशोब तसाच केलाय. हे धरलं तर ओळ हाच एक नमुना, म्हणजे फक्त तीन.

पाण्याची पातळी कुणी विचारली होती, ती मोजायची पट्टी आहे पण एकच, सांडव्यापाशी. तोंडाकडे गाळ साचून तळ वर आलाय, तिथे आता पाणी किती दिवस उभं राहतं ते आमच्याकडे नाहीच. आणि पाणकणसाला फॉस्फरसइतकीच पाण्याची खोली महत्त्वाची, त्यामुळे ते खताने पुढे सरकतंय की गाळाने उथळ झालेल्या जागेत सरकतंय हे सांगताच येत नाहीये. तिन्ही ओळींवर तोंडाशी, मध्ये आणि सांडव्यापाशी अशा नऊ पट्ट्या रोवायच्या ठरवल्यात. ज्यांनी मऊ चिखलात पट्ट्या लावल्यात त्यांनी सांगा, तळ पक्का नसताना त्या खचू नयेत म्हणून काय केलंत, आणि पट्टीचा शून्य कुठल्या पक्क्या खुणेशी जोडलात?