'त्याने तोंड उघडले नाही' म्हणून आपणही उघडू नये का?

कृष्णाकाठ (सांगली)
उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्चमध्ये बारा ते तीनच्या उपासनेत बायबलमधलं यशया 53:7, 'त्याने तोंड उघडले नाही', वाचतात आणि पाठोपाठ बोध येतो : प्रभू गप्प राहिला, तुम्हीही सोसा. तेच वचन मग नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ऐकवतात, पगार थकलेल्या मावशींनाही. माझ्या मते ते भलत्याच माणसाला लावलं जातंय.

येशू नेमका कुठे गप्प होता? खोटे साक्षीदार उभे केले तेव्हा महायाजक कयफासमोर (मत्तय 26:63). मुख्य याजक आरोपांवर आरोप करत होते तेव्हा रोमी सुभेदार पिलातासमोर (27:12-14). चमत्कार बघायची हौस असलेल्या राजा हेरोदासमोर (लूक 23:9). तिन्ही ठिकाणी खरं ऐकून घ्यायला कुणी बसलंच नव्हतं. पण त्याच रात्री माजी महायाजक हन्नाकडे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने विचारलं, वाईट बोललो असेन तर दाखवून दे, नाहीतर का मारतोस? (योहान 18:23). आणि विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल तो मंदिरात चारचौघांत बोलला (मार्क 12:40). म्हणजे मौन स्वतःच्या बचावापुरतं होतं, दुसऱ्याच्या दुःखाबद्दल नव्हे. शिवाय ज्या तीन तासांत मौन शिकवतात, त्या उपासनेचा कणाच मुळी क्रुसावरचे सात उद्गार आहेत!

जुना_पंच (मिरज)
जय ख्रिस्त. येशूचा शिष्य पेत्र, त्याला सोयीस्कर गाळलंत. 1 पेत्र 2:18-23 मध्ये कठोर धन्याच्या हाताखालच्या दासांना सरळ सांगितलंय की अन्याय सोसा, ख्रिस्ताने कित्ता घालून दिला आहे. तिथे 'बचावापुरतं' वगैरे काही नाही.

दुसरं, बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र. सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत (2:13). त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. दुःखाच्या घरात आपलीही बडबडच जास्त असते. मयताच्या घरी 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होणारे काय कमी आहेत?

कृष्णाकाठ (सांगली)
ईयोबाबद्दल पूर्ण मान्य. पण शेवट वाचा. देवाचा कोप मित्रांवर झाला. अध्यायच्या अध्याय तक्रार करणारा ईयोब 'माझ्याविषयी यथार्थ बोलला' ठरला (42:7).

पेत्राचे श्रोते दास होते. धन्याविरुद्ध दाद मागायला त्यांना व्यवहारात दार नव्हतं. दार नसलेल्याला तो धीर देतोय. प्रेषित पौलापाशी रोमी नागरिकत्व होतं, त्याने ते वापरलं. फिलिप्पै शहरात अधिकारी त्याला तुरुंगातून गुपचूप सोडू लागले तर म्हणाला, चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर न्या (प्रेषितांची कृत्ये 16:37).

जुना_पंच (मिरज)
हो, पण फटके खाऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी! आधी सोसलंच ना?

कृष्णाकाठ (सांगली)
यरुशलेमेत मात्र चामडी पट्ट्यांनी आवळलं तेव्हाच, फटका पडायच्या आत त्याने विचारलं, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारता का? (22:25). पुढे रोमी सम्राट कैसराकडे अपीलही केलं (25:11).

इतिहास_वाचक (सातारा)
दोघांनाही अडचणीचं उदाहरण देतो. जुलै 1942, नाझींच्या ताब्यातलं हॉलंड. यहुद्यांच्या हद्दपारीविरुद्ध कॅथलिक बिशपांनी 26 जुलैला निषेधाचं पत्र चर्चमधून वाचून दाखवलं. सूड म्हणून 2 ऑगस्टला यहुदी वंशाच्या कॅथलिकांनाच उचललं. त्यांत एडिथ स्टाइन ही जोगीण (नन) होती; 9 ऑगस्टला ऑशविट्झच्या छळछावणीत तिला मारलं. बोलणाऱ्याच्या शब्दाची किंमत भलत्यानेच मोजली.

पण हद्दपारीच्या गाड्या 15 जुलैलाच सुरू झाल्या होत्या, पत्राच्या आधी. गप्प राहून त्या थांबल्या असत्या असं म्हणायला आधार नाही. जर्मनीच्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांना तर युद्ध संपल्यावर, ऑक्टोबर 1945 मध्ये, स्टुटगार्टला जाहीर कबूल करावं लागलं की आम्ही पुरेशा धैर्याने साक्ष दिली नाही.

जुना_पंच (मिरज)
हॉलंडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पुलपीटवरून गर्जना करणारा रात्री घरी झोपतो. मार पडतो तो जिच्याविषयी बोलला तिला.

वाईची_ताई
पंचसाहेब, म्हणून तर काय बोलायचं, कुठे आणि कुणी, हे ठरवावं लागतं. आपल्याकडे तीन गोष्टी हमखास चुकतात.

एक, मत्तय 18:15-17 ची पायरी. 'आधी एकांतात जाऊन समजाव' हा नियम भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याशी एकांतात बोलायला लावलं की पुढचा मार ठरलेला. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेटाची प्रार्थना घेणं हेही तसंच. ती त्याच्यासमोर खरं बोलणार नाही. आधी तिला एकटीला भेटा, सोबत एखादी जाणती बाई असू द्या. तिची तयारी असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे न्या. फॉर्मवर तारखा, जखमा, कोण हजर होतं ते लिहिलं जातं. डॉक्टरी कागद त्याच दिवशीचा हवा. चार दिवसांनी वळ जातात. महिला हेल्पलाइन 181. तिची तयारी नसेल तर तिच्या नावाने गवगवा करू नका. इथे पंचसाहेबांचं बरोबर आहे.

दोन, लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार. तिथे तयारीची वाट पाहायची नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना खबर द्यायचीच. न दिल्यास कलम 21 : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला तर एक वर्षापर्यंत. वसतिगृह किंवा रविवारची शाळा चालवणाऱ्या कमिटीने 'आपसात बघू' म्हणणं हाच गुन्हा. आधी 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस), मग कमिटीची बैठक. मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही.

तीन, आरोप पाळकावर किंवा पंचावर (मंडळीच्या कारभाऱ्यावर) असेल तर 1 तीमथ्य 5:19 पुढे करतात, दोन-तीन साक्षीदार आणा म्हणून. पुढचं विसावं वचन, पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष दे, ते कुणी वाचत नाही.

ऊसपट्टा (कराड)
घरातलंच चाललंय, शिवारात या. याकोब 5:4 मध्ये शेतं कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे. ऊसतोडीचा हंगाम नाताळ ओलांडून ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत चालतो, आणि चर्चच्या मंडळ्या तोडणी मजुरांच्या पालांवर ब्लँकेटं वाटून परत येतात. ब्लँकेटं वाटावीतच, थंडी असते. पण उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही म्हणून मुकादम कोयत्याला (तोडणीच्या जोडप्याला) गावी सोडत नसेल, तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करता येतो. अर्जात उचल किती, कधी घेतली, किती टन तोडला, कुणी अडवलं हे हवं. वजनाच्या पावत्या बहुतेकदा मुकादमाकडे असतात आणि अर्ज तिथेच लंगडा पडतो, म्हणून पहिल्या आठवड्यापासून वहीत तारीख आणि खेपा मांडून ठेवायला शिकवा. सही मंडळीच्या दोघा-तिघांनी करावी, टोळीतल्या एकट्याला पुढे ढकलू नये.

जुना_पंच (मिरज)
ताई, मुलांचं निर्विवाद. ऊसपट्टा, मंडळीने सही करायची तर तिचे निम्मे सभासद त्याच कारखान्याचे ऊस उत्पादक. याकोबाचं पत्र त्यांच्यासमोर वाचणार कोण?

ऊसपट्टा (कराड)
पाळक. पगार त्यांच्याच वर्गणीतून येतो, हे धरून.