कापूर-ऊद जाळणं बंद करा, घर आपोआप ताजं राहतं. पटतं का?

वाळ्याची_जुडी (धागाकर्ती)

मत आधीच सांगते, मग भांडू. घराला चांगला वास यावा म्हणून जे जाळावं लागतं किंवा फवारावं लागतं, ते सगळं घराबाहेर काढावं. स्प्रे आणि संडासात टांगायच्या वड्यांबद्दल फारसं कोणी वाद घालणार नाही. पण मी उदबत्ती, धूपकांडी आणि कापूरही त्यातच धरते. 'नैसर्गिक' म्हणून त्यांना आपण जी सूट देतो ती मला मान्य नाही. बाजारातली उदबत्ती म्हणजे बहुतेक वेळा बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटायला जिगत आणि वरून पातळ केलेलं अत्तर. हे बंद खोलीत जळलं की बारीक कण हवेत तरंगत राहतात. अशा कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, २४ तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घनमीटर हवेमागे २५ वरून १५ मायक्रोग्रॅमवर आणली. आणि आपण मे महिन्यात एसीसाठी दारं-खिडक्या लावून आत धूप लावतो, वर खोकला आला की धुळीला शिव्या देतो.

वास येतो कुठून ते आधी शोधा. नागपूरच्या उन्हाळ्यात माझा पहिला संशय न्हाणीच्या जाळीवर. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी साठलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घुटमळते, त्यात पाहुण्यांची न्हाणी कोणी वापरत नाही किंवा आपण सुट्टीत गावाला जातो. पाणी आटतं आणि गटार थेट घरात उघडतं. मग माणूस दार उघडून आधी उदबत्ती शोधतो! एक तांब्या पाणी ओता. बरेच दिवस जाणार असाल तर ओतलेल्या पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडा, बाष्पीभवन मंदावतं.

दुसरा संशय कूलरवर. टाकीच्या कडेला बुळबुळीत थर धरतो आणि पंखा तो वास घरभर फेकतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासायच्याच. नुसतं पाणी ओतून दिल्याने डेंग्यूच्या डासाची अंडी जात नाहीत, ती कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. टाकी घासली की इतवारीतून वाळा आणा, त्याची जुडी बांधून कूलरच्या गवतावर पाणी पडतं तिथे अडकवा. जाळणं नाही, फवारणं नाही. घराला याहून जास्त सुवास कशाला हवा?

धरमपेठी_काकू

जाळी आणि कूलरचं अगदी खरं, पण उदबत्ती-कापराला संडासातल्या वडीच्या रांगेत बसवलंस हे काही बरं केलं नाहीस गं. तिन्हीसांजेला ऊद फिरवला की घर कसं भरल्यासारखं वाटतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वेखंड, बाळंतशोपा टाकून धुरी द्यायचे. चार लेकरं त्या धुरीत वाढली, कोणाला दमा झाला नाही. कापराने माशा पळतात, दमट वास जातो. आता सगळंच विष म्हणायची टूम निघाली आहे. आणि देवापुढची एक उदबत्ती तुझ्या त्या मायक्रोग्रॅममध्ये कुठे बसते ते सांग, मग बोलू.

वॉर्डातली_ताई

काकू, रागावू नका, पण धुरीबद्दल मला बोलावंच लागेल. मी बालरुग्णांच्या वॉर्डात काम करते. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि ते मिनिटाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा श्वास घेतं. खोली बंद, शेगडीत कोळसे, वरून धूर. कोळशातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो आणि त्याला वासच नसतो. चार लेकरं ठणठणीत राहिली हा आनंदच आहे, पण जी राहिली नाहीत त्यांची गोष्ट अशा गप्पांमध्ये कोणी सांगत नाही.

कापराचं वेगळंच. वडी खडीसाखरेसारखी दिसते. रांगत्या पोराने तोंडात घातली तर झटके येऊ शकतात. तो डबा देवघराच्या खालच्या फळीवर ठेवू नका, एवढं तरी करा. आणि बाळाचे कपडे, दुपटी डांबरगोळ्यांच्या पेटीतून काढून तशीच घालू नका. जी६पीडी हे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या बाळात नॅप्थॅलिनने रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कपड्यांत कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून, कापडात बांधून ठेवा.

रसायन_मास्तर

धागाकर्तीने धुराची बाजू बरोबर मांडली, पण 'वाळा, साली, व्हिनेगर म्हणजे निर्धोक' असा जो सूर पुढे हमखास लागणार आहे, त्याला आताच खीळ घालतो. संत्र्याच्या सालीतला सुवास म्हणजे मुख्यतः लिमोनीन. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की फॉर्मल्डिहाइड आणि बारीक कण तयार होतात. रणरणत्या उन्हात बाहेरच्या हवेत ओझोन वाढतो आणि कूलर तीच हवा आत ओढतो. चार साली पातेल्यात उकळल्याने कोणी आजारी पडणार नाही, पण दिवसभर डिफ्यूझरमध्ये, म्हणजे तेलाचा वास हवेत सोडणाऱ्या यंत्रात, संत्र्याचं तेल चालवून 'केमिकलमुक्त घर' म्हणू नका. लिमोनीन हे केमिकलच आहे, पाणीसुद्धा केमिकलच आहे.

काकू, कापूर नैसर्गिक म्हणत असाल तर बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. जळताना काजळी किती धरते ते आरतीच्या ताटात बोट फिरवून बघा.

आणि सोडा-व्हिनेगर! सिंकमध्ये दोन्ही एकत्र ओतून फेस बघायचा आणि खूश व्हायचं. एक आम्लारी, एक आम्ल, दोघं एकमेकांना मारतात. उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. फेसाने थोडा मळ हलत असेल, बाकी काही नाही. वेगवेगळे वापरा. फ्रीजमध्ये वाटीत खायचा सोडा, नळावरच्या क्षारांच्या डागांना व्हिनेगर. ब्लीचिंग पावडरवर मात्र व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो, लहानशा न्हाणीत तो जीवावर बेततो.

रूमवरचा_पोट्टा

सर तुम्ही लय अभ्यास करून राहिले, पण आमच्या रूमवर चार पोट्टे, आठ बूट अन् एक खिडकी. शनिवारी सावजी आणलं की सोमवारपर्यंत मसाला गादीत राहते. याले काही उपाय सांगा ना, बिना केमिकल वगैरे राहू द्या, फुकट पाहिजे.

वाळ्याची_जुडी

@रूमवरचा_पोट्टा फुकटातलं सांगते. बूट आणि गाद्या गच्चीवर टाका, नागपूरचं ऊन वायाच जातं. बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, ओल शोषली जाते. सावजीची हाडं आणि डबा त्याच रात्री बाहेर गेला पाहिजे, सोमवारी नाही. खरं तर मसाल्याचा वास लवकर जातो, भांड्याला आणि ओट्याला राहिलेलं तेल खवट होतं त्याचा जात नाही.

@रसायन_मास्तर लिमोनीनचं मान्य, म्हणूनच मी डिफ्यूझर सुचवला नव्हता. पण सालींचं बायोएन्झाइम तुम्ही वगळलंत. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरात कळमन्याला बाजारात ढिगाने येतात, तेव्हा लावलं की मार्चमध्ये, कूलर काढायच्या वेळी तयार. फरशी आणि मोरीसाठी मी तेच वापरते. हे तरी चालेल ना?

रसायन_मास्तर

चालेल, नावावर जाऊ नका म्हणजे झालं. त्यात एन्झाइमपेक्षा आम्लच जास्त काम करतं, म्हणजे घरगुती, सुवासिक, पातळ व्हिनेगर. मार्बल किंवा कोटा फरशीवर टाकू नका, चुनखडीचा दगड आहे, चकाकी खाल्ली जाईल. बाटली काचेची नको, पहिला महिना रोज झाकण सैल करा. वायू साठून फुटते.

पूर्व_नागपूरकर

सगळे हवेशीर घर, उघडी खिडकी म्हणून राहिले. धरमपेठेत, सिव्हिल लाइन्सला ठीक आहे, झाडं आहेत. भांडेवाडीच्या कचरा डेपोकडून वारा सुटला की आमच्या बाजूला खिडकी उघडायचा सल्ला देऊन बघा. कूलर तर मागची हवाच ओढते, मग वाळ्याची जुडी बांधा की चंदनाची, आत येणार कचऱ्याचाच वास. पावसाळ्यात अन् कचऱ्याला आग लागली तेव्हा तर विचारूच नका. अशा घरात एखादी बाई संध्याकाळी ऊद लावत असेल तर तिला पीएम २.५ शिकवू नये असं माझं मत आहे. तिच्या नाकासमोर दुसरा उपाय ठेवा, मग बोला.

धरमपेठी_काकू

बघा! हे बोलले एकदाचे कोणीतरी.

वॉर्डातली_ताई

@पूर्व_नागपूरकर तुमचं म्हणणं खरं आहे, पण बाहेर कचरा धुमसतोय म्हणून आतही धूर करायचा, हे फुप्फुसाला कोण समजावणार? त्या दिवशी कूलरचा पंप आणि पंखा दोन्ही बंद, मागची बाजू ताडपत्रीने झाका, छतावरचा पंखा चालू. वारा फिरला की सगळं सताड उघडा. घरात दम्याचं माणूस असेल तर ऊद नकोच.

मनीमाऊ

मुद्दा थोडा बाजूचा, पण कोणी मांजर पाळत असेल तर टी ट्री, निलगिरी, संत्र्याचं तेल वगैरे डिफ्यूझरमधून अजिबात नको. मांजराच्या यकृतात ही तेलं पचवणारी एक क्रिया फार कमी चालते. अंगावर बसलेले थेंब ते चाटून पोटात घेतं, वर आणखी भर. वाळा चालतो का, सांगाल का कोणी? आमची मनी जुडीवर झोपते.

वाळ्याची_जुडी

@मनीमाऊ वाळ्याची नुसती मुळं आणि बाटलीतलं तेल यांत फरक आहे, पण ती मुळं चावत असेल तर जुडी तिच्या आवाक्याबाहेर टांगा आणि पशुवैद्याला विचारा.

@पूर्व_नागपूरकर ताडपत्रीला माझा दुजोरा. पण संध्याकाळच्या उदाला अजूनही नाही म्हणते. काकूंनी लावायचाच असेल तर दार उघडं ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि चिमूटभरच.

धरमपेठी_काकू

चिमूटभरच लावते मी. दार उघडं ठेवलं तर डास येतात, त्यांचं काय करू ते सांग आता.