आरटीईत नंबर लागला आहे. महापालिकेची शाळा सोडावी का?

प्रश्न : एक आई, धनकवडी
माझ्या मुलीचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत ठेवलेल्या राखीव जागांच्या) सोडतीत घरापासून अडीच किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत पहिलीसाठी नंबर लागला आहे. सध्या ती घरामागच्या महापालिकेच्या बालवाडीत जाते आणि तिथे चांगली रमली आहे. काल तिने किराणा दुकानाची पाटी अक्षरे लावत वाचून दाखवली, तेव्हा माझे डोळे भरून आले. मी शिवणकाम करते, तिचे बाबा रिक्षा चालवतात आणि घरात इंग्रजी कोणालाच येत नाही. फी माफ असली, तरी बाकीचा खर्च कोणी करायचा? आणि आठवीनंतर काय?

उत्तर : पालक, हडपसर
माझा मुलगा याच मार्गाने शिकला. पहिल्याच वर्षी शाळेने ‘उपक्रम शुल्क’ मागितले; मी लेखी मागणीपत्र मागितल्यावर तो विषय थांबला. शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल असा कोणताही खर्च मुलाकडून घेता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३ सांगते. मात्र हे संरक्षण आठवीपर्यंतच असल्यामुळे नववीची पूर्ण फी आम्हाला भरावी लागली, त्यासाठी आजपासूनच पैसे बाजूला टाका. तरीही मला पश्चात्ताप नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, महापालिका शाळा
घरात बोलली जाते त्या भाषेत मूल वाचू लागले, ही फार मोठी मिळकत आहे आणि ती सहज सोडू नये, असे मला मनापासून वाटते. मात्र वर्गात मुले किती आहेत आणि बाई वर्षभर त्याच राहणार का, हे आधी विचारा, कारण पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर असते आणि वर्गात मात्र कधीकधी दोन इयत्ता एकत्र बसलेल्या दिसतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. तुमच्यासारख्या जागरूक आया निघून गेल्या, की त्या खुर्च्यांवर बसून प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. अर्थात शाळा सुधारण्याचे ओझे एका लेकराच्या डोक्यावर टाकू नये, हेही मला कळते.

उत्तर : पालक, सिंहगड रस्ता
सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट देणारा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. तो टिकला असता, तर धनकवडीसारख्या भागातल्या कितीतरी मुलांना निवडच उरली नसती. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला, हे योग्यच झाले. पण या मुलांच्या फीपोटी सरकारने खाजगी शाळांना द्यायची प्रतिपूर्ती थकते आणि महापालिकेच्या शाळेत शिक्षक कमी पडतात, या दोन्ही गोष्टी सार्वजनिक पैशाच्याच आहेत, आणि त्यावर आपण पालक पुरेसे बोलत नाही.

ताई, मुदतीत कागदपत्रांची पडताळणी केली नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाईल. त्याआधी एकदा शाळा सुटण्याच्या वेळी त्या इंग्रजी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहा आणि आरटीईतून आलेल्या मुलांच्या आयांशी बोला.