मदत हवी आहे: बॅशमधली इफ अट नेहमीच खरी ठरते आणि लूपनंतर बेरीज शून्यच राहते

प्रश्न

एका फोल्डरमध्ये साधारण २०० लॉग फाइल्स आहेत. ज्या फाइलमध्ये 'एरर' शब्दाच्या ओळी १० पेक्षा जास्त आहेत ती 'तपास' फोल्डरमध्ये कॉपी व्हावी आणि शेवटी अशा किती फाइल्स निघाल्या तो आकडा दिसावा, एवढंच हवंय. लिनक्स, बॅश ५.१ (टाइप केलेल्या कमांड चालवणारं शेल). स्क्रिप्ट अशी आहे (इथे देवनागरीत उतरवली आहे, मूळ रोमनमध्येच):

एकूण=०
एलएस *.लॉग | व्हाइल रीड फाइल; डू
  संख्या=$(ग्रेप -सी एरर $फाइल)
  इफ [ $संख्या > १० ]; देन
    सीपी $फाइल तपास/
    ((एकूण++))
  फाय
डन
एको $एकूण

एकही एरर नसलेल्या फाइल्सही कॉपी होतात. नावात स्पेस असलेल्या फाइलवर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं आणि ती कॉपीच होत नाही. शेवटी ० छापला जातो, पण लूपच्या आत एको टाकलं की आकडा वाढताना दिसतो. शिवाय फोल्डरमध्ये '१०' नावाची एक रिकामी फाइल तयार होते. पुसली तरी पुढच्या वेळी पुन्हा येते.

उत्तर

त्या '१०' नावाच्या फाइलपासून सुरुवात करा, पहिल्या चुकीचा माग तिथेच लागतो. शेलमध्ये [ हा नुसता कंस नाही, ती एक कमांड आहे (म्हणूनच तिच्यापुढे स्पेस लागते). कमांडच्या ओळीत > दिसलं की शेल ते रीडायरेक्शन समजतं: आउटपुट '१०' नावाच्या फाइलमध्ये पाठव. मग संख्या समजा ३ असेल, तर कमांडच्या हाती उरतं फक्त [ ३ ]. एकच शब्द मिळाला तर ती एवढंच तपासते की तो रिकामा आहे का. '०' हाही रिकामा नाही, म्हणून अट खरी.

आकड्यांसाठी -जीटी (म्हणजे 'पेक्षा मोठं') वापरा, किंवा बॅशमध्ये सरळ (( संख्या > १० )). दुहेरी कंस [[ ]] लावून > तसंच ठेवू नका. फाइल तयार होणार नाही, पण तुलना अक्षरक्रमाने होईल आणि ९ हे १० पेक्षा मोठं ठरेल. ही चूक जास्त घातक आहे, कारण बऱ्याच आकड्यांवर उत्तर योगायोगाने बरोबर येतं.

स्पेसची अडचण अवतरणचिन्हं नसल्यामुळे आहे. $फाइल उघडं ठेवलं की 'जुना अहवाल.लॉग' याचे दोन शब्द होतात आणि ग्रेप (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) 'जुना' आणि 'अहवाल.लॉग' अशा दोन फाइल्स शोधते. दोन्ही सापडत नाहीत, संख्या रिकामी राहते, आणि रिकामं [ ] खोटं ठरतं. म्हणून नेमक्या त्याच फाइल्स वगळल्या गेल्या. नुसतं -जीटी घातलं असतं तर इथे 'युनरी ऑपरेटर एक्सपेक्टेड' आलं असतं.

बेरीज शून्य राहते ती पाइपमुळे, म्हणजे | या चिन्हामुळे. बॅश पाइपचा प्रत्येक भाग सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालवतं. एकूण वाढतं ते तिथल्या प्रतीत, आणि डन झालं की ती प्रत संपते. इथे एलएसची गरजच नाही:

फॉर फाइल इन ./*.लॉग; डू
  [ -ई "$फाइल" ] || कंटिन्यू
  संख्या=$(ग्रेप -सी एरर "$फाइल")
  इफ (( संख्या > १० )); देन
    सीपी "$फाइल" तपास/
    ((एकूण++))
  फाय
डन

दुसरी ओळ काढू नका. एकही लॉग फाइल नसेल तर *.लॉग हा नमुनाच जसाच्या तसा व्हेरिएबलमध्ये येतो, आणि ही ओळ तो वगळते. 'तपास/'मधला शेवटचा तिरका दंडही ठेवा. फोल्डर अस्तित्वात नसेल तर त्यामुळे निदान एरर येते. तो नसता तर सगळ्या फाइल्स 'तपास' नावाच्या एकाच फाइलवर एकामागून एक लिहिल्या गेल्या असत्या.

आणखी एक

उपफोल्डरही बघायचे असतील तर फाइंड लागेल आणि व्हाइल रीड परत येईल. तेव्हाही डनच्या आधी पाइप नको, डननंतर < <(फाइंड …) लिहा. दोन < चिन्हांमध्ये स्पेस हवीच. फाइंडला -प्रिंट० आणि रीडला -आर -डी '' द्या, म्हणजे नावात काहीही असलं तरी ते तुटत नाही.

ही स्क्रिप्ट 'एसएच' लिहून चालवू नका. तसं केलं की पहिल्या ओळीतलं #! (स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणारी खूण) दुर्लक्षिलं जातं. डेबियन आणि उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश हे वेगळं शेल, आणि त्याला ना (( )) कळत ना < <( ).

प्रश्नकर्ता

तिन्ही अडचणी सुटल्या. आता काही चुकलं तर थांबावं म्हणून वर सेट -ई टाकलं, तर स्क्रिप्ट पहिल्या-दुसऱ्या फाइललाच गप्प बंद होते. कुठलाच संदेश नाही.

उत्तर

बॅश -एक्स लावून चालवा, थांबण्याआधीची शेवटची ओळ दिसेल. बहुधा ती ग्रेपची असेल. एकही ओळ जुळली नाही तर ग्रेप -सी ० छापते, पण एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे यश) १ देते, आणि सेट -ई त्यालाच अपयश समजतं. तिथे || ट्रू (म्हणजे अपयश आलं तरी यश धरा) लावणारे बरेच असतात. त्याने फाइल वाचता न येण्यासारखी खरी चूकही झाकली जाते, कारण तेव्हा कोड २ असतो. त्यापेक्षा हे बरं:

संख्या=$(ग्रेप -सी एरर "$फाइल") || [ $? -ईक्यू १ ]

कोड १ असेल तर पुढे जाईल, २ असेल तर थांबेल.

ते दुरुस्त झालं की ((एकूण++)) अडवेल. ++ मागे असल्यामुळे त्याची किंमत वाढण्याआधीची, म्हणजे पहिल्या खेपेला ०, धरली जाते. (( )) मध्ये ० आलं की एक्झिट कोड १. त्याऐवजी एकूण=$((एकूण + १)) लिहा.