चर्चा: जिनिंग सहा महिने, वायफायचं लायसन्स बारा महिने?

रुईवाला (हिंगणघाट)
आमच्या जिनिंगमध्ये काटा, गंजीचं आवार, प्रेस आणि ऑफिस मिळून आठ ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, आहेत. तीन वर्षांपूर्वी क्लाउडवाले घेतले, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून सांभाळले जाणारे, लायसन्स असेपर्यंतच चालणारे. कंपनीचं नाव घेत नाही. डिसेंबरात लायसन्स संपलं. मेल येत होते म्हणे, पण नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर. वर तीस दिवसांची सवलत होती, तीही गेली आणि ऐन हंगामात काट्यावरचा टॅब बंद. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत मुनीमजी कार्बन लावून हातानं पावत्या फाडतायत. डबे मात्र धडधाकट!

नूतनीकरणाचं कोटेशन डब्याच्या अर्ध्या किमतीच्या वर, शिवाय 18 टक्के जीएसटी. आमचं काम दिवाळीपासून एप्रिलपर्यंत. पुढं कुलूपबंद शेडसाठी पैसे कशाचे? विकत घेतलेल्या वस्तूचं भाडं भरणं मला पटत नाही.

नेटवर्कवाला (यवतमाळ)
मेलचा पत्ता बदलला नाही, तो दोष तुमचा. तुम्ही डबा नाही, त्यामागची देखरेख घेता. 2017 मध्ये डब्ल्यूपीए2 या वायफायच्या सुरक्षा पद्धतीतली 'क्रॅक' त्रुटी बाहेर आली, तेव्हा क्लाउडवाल्या गिऱ्हाइकांचे अपडेट मी घरी बसून टाकले. बाकीच्यांसाठी वणी, पांढरकवडा, आर्णी अशी मोटरसायकल हाणली. भाव वाढले, कबूल. 2014 मध्ये 60 च्या आसपास असलेला डॉलर 2025 मध्ये 85 च्या वर गेला, माल सगळा बाहेरचा.

पऱ्हाटी
भाऊ, अपडेट नका देऊ ना, पण बंद काऊन पाडता? ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग चुकली त कंपनी वावरात येऊन चाक काढून नेते काय?

संत्रेवाला (वरुड)
आमच्या ग्रेडिंग शेडमध्ये युबिक्विटी कंपनीचं युनिफाय वायफाय आहे. कंट्रोलर, म्हणजे डबे सांभाळणारं सॉफ्टवेअर, आमच्याच जुन्या पीसीवर, लायसन्सचा रुपया नाही. पीसी बंद असला तरी वायफाय चालू राहतं. मोठ्या कंपन्यांकडून भाव उतरायची वाट पाहू नका. वायफायचे डबे बनवणारी अरुबा 2015 पासून एचपीई या अमेरिकी कंपनीकडं होतीच, 2025 मध्ये त्याच धंद्यातली ज्युनिपरही सुमारे 14 अब्ज डॉलरला त्यांनीच घेतली. दुकानं कमी झाली की घासाघीस कुणाशी करणार?

नेटवर्कवाला (यवतमाळ)
अन् ते लावून देणारा पोरगा पुण्याला गेला की पासवर्ड कुणाजवळ? असे तीन फोन मला याच महिन्यात आले. रीसेट करून सगळं पुन्हा बसवा.

संत्रेवाला (वरुड)
पासवर्ड वहीत लिहून तिजोरीत ठेवायचा. त्याला क्लाउड लागत नाही.

रुईवाला (हिंगणघाट)
तुमच्याकडं संत्री, आमच्याकडं रुई उडते. पंधरा दिवसांत पीसीच्या पंख्याला पांढरी दाढी येते. तरी डीलरला शेवटचं विचारलं, सहा महिन्यांचं लायसन्स द्या. म्हणाला, कमीत कमी एक वर्ष.

मग ठरवलं. पुढच्या हंगामाला बिनलायसन्सचं युनिफायच, त्याचा पीसी मुनीमजींच्या केबिनमध्ये, दाराला जाळी मारून. पावती पुस्तकंही दोन जास्त छापायला टाकलीत.