ज्वालामुखीचं बेट एका दिवसात? (खारघरहून, सोबत ९ वर्षांचं पोरगं)

खारघरचा_बाबा: मंडळी मदत करा. पोरानं गॅलापॅगोसचा व्हिडिओ बघितलाय, समुद्रात पोहणारे सरडे, लाव्हाचे काळे खडक, फ्लेमिंगो वगैरे, आणि आता रोज जेवताना एकच की बाबा आपण ज्वालामुखीच्या बेटावर कधी जायचं. तिथलं, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरचं, तिकीट काढायची ऐपत नाही हे त्याला कळतं पण वळत नाही. एका दिवसात जाऊन येण्यासारखं आपल्याकडे काही आहे का? बॅरन आयलंड नका सांगू, अंदमान लांब आहे आणि तिथे म्हणे उतरूही देत नाहीत.

दगडधोंडे: घारापुरी! सगळे लेणी बघून परत येतात, पण ते अख्खं बेटच लाव्हाचं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून जो लाव्हा थरावर थर पसरला त्याचाच हा तुकडा, लेणी त्याच बेसॉल्टमध्ये (थंड झालेल्या लाव्हाचा काळा दगड) कोरलीत. फक्त पोराला खरं सांगा, गॅलापॅगोससारखा समुद्रातून ज्वालामुखी वर येऊन हे बेट झालेलं नाही, आधी लाव्हाचे डोंगर होते आणि पाणी नंतर भोवती आलं. तुमचा खारघरचा डोंगर आणि पारसिकही त्याच दगडाचे. चढताना कातळातली बारीक भोकं दाखवा, ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतात (उकरू नका प्लीज). सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून बोटीला तासभर, थंडीत कुरव पक्षी मागे लागतात, पोरं त्यातच खूश.

ठाणेकर_ताई: आम्ही कर्नाटकात उडुपीजवळच्या मालप्याहून सेंट मेरीज बेटांवर गेलेलो, लाव्हा थंड होताना तडकून झालेले षटकोनी खांब आहेत, भारीच. पण उडुपी एका दिवसात होत नाही, म्हणून घारापुरीच बरी. आणि फ्लेमिंगो हवेत तर वेगळा दिवस काढून ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते ती करा, आधी बुकिंग करून. गॅलापॅगोसला फ्लेमिंगो काहीशेच आहेत हो, आपल्या ठाणे खाडीत हजारोंनी येतात! २०२२ पासून खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आहे. आपल्याला मात्र पुलावरून जाताना फक्त ट्रॅफिक दिसतं.

दिव्याचा_कोळी: दादा वेळ बघून जा नाहीतर पाणीच बघून याल. ओहोटीला जेट्टीच्या बाजूचा चिखल उघडा पडतो, तिथे निवट्या दिसतात, मासा असून चिखलावर चालतो उड्या मारतो, तुमच्या पोहणाऱ्या सरड्याला आमचा चालणारा मासा. एक नांगी मोठी असलेले खेकडे असतात, खडकाला कालवं, पाय कापतो सांभाळा. भरतीचा हिशोब सोपा, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि ओहोटी सकाळी नऊला. खाडीत आत थोडा उशीर होतो.

खारघरचा_बाबा: अरे वा, हे शाळेत का नाही शिकवलं! पोराला वाचून दाखवलं, तो आता सरडे विसरून निवटी निवटी करतोय. येत्या शनिवारी अष्टमी आहे, म्हणजे आठ पाऊणे सहा, सकाळी सहाला भरती आणि ओहोटी बाराला, बरोबर ना?

दिव्याचा_कोळी: बरोबर. पण अष्टमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी जास्त चढत-उतरत नाही, चिखल थोडाच दिसेल. निवट्या असतील तरी. दहाच्या आत गेटवेवरून सुटा, टोपी घ्या, आणि माकडांसमोर वेफर्सची पिशवी काढू नका.