बिडाचा तवा: तेल कमीच बरं
बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नव्या तव्याला भरपूर तेल चोपडून रात्रभर ठेवा, असं काही जण सुचवतात. घोटाळा तिथेच होतो. तेलाचा जाड थर नीट भाजला जात नाही, अर्धवट आटून गोंदासारखा चिकट राहतो आणि पहिलंच घावन त्यात रुतून बसतं. त्याऐवजी तवा घासून धुवा आणि गॅसवर खडखडीत वाळवा. कोमट असताना अर्धा चमचा शेंगदाणा तेल सगळीकडे चोळा, मागून आणि दांड्यालासुद्धा. मग कोरड्या सुती फडक्याने असं पुसा, की तेल लावलंच नव्हतं असं वाटावं. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरभर वास.

एवढं करूनही पहिली दोन-तीन घावनं तुटणारच, तव्याला दोष देऊ नका. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून दर वेळी फिरवा. तापलेल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे चालतात, पण तांब्याभर गार पाणी ओतलंत तर बीड तडकू शकतं. चिंच-टोमॅटोचं काही त्यात शिजवू नका, तेल भाजून बसलेला थर निघून येतो.